गोळी 2012 पासून आहे, मग ती पोहोचत का नाही?

वैदेही_अटलांटा
मी इथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मागे विशीतला एक कृष्णवर्णीय मुलगा आला. आसपास कोणी नाही असं बघून त्यानं हळूच 'प्रेप'ची चौकशी केली. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची ही गोळी. नेमानं घेतली तर शरीरसंबंधांतून होणारी लागण सुमारे 99 टक्के टळते. जेनेरिक आल्यापासून ती स्वस्तही झालीय. पण आधी डॉक्टरची चिठ्ठी, एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी; मग दर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. त्याच्या दोन नोकऱ्या, दोन्ही अर्धवेळ, आणि विमा नाही. मोफत दवाखान्याचा पत्ता मी लिहून दिला. तो परत आला नाही.

सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, 2016 चा अंदाज होता की, हेच प्रमाण राहिलं तर कृष्णवर्णीय समलिंगी आणि बायसेक्शुअल पुरुषांत दोघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्यांत हेच अकरांत एक. आमच्या जॉर्जिया राज्यानं मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, पूर्ण विस्तार केला नाही, त्याची किंमत ही मुलं मोजताहेत, असं माझं ठाम मत आहे.

मिलिंद_न्यूजर्सी
वैदेहीताई, वाईट वाटतं, पण सगळं सरकारवर ढकलणं मला पटत नाही. कंडोम कित्येक ठिकाणी फुकट मिळतात. इथे इन्सुलिन परवडत नाही म्हणून लोक डोस अर्धा करतात. त्यांच्याआधी हा खर्च का? माणसाच्या वागण्याची जबाबदारी काहीच नाही का?

समीर_क
मिलिंद, वागण्याचाच मुद्दा तपासला गेलाय. संशोधक ग्रेगरी मिलेट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष इतर समलिंगी पुरुषांपेक्षा जास्त धोका पत्करत नव्हते. फरक होता तो उत्पन्नात, विम्यात आणि उपचार मिळण्यात. उपचारानं रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की शरीरसंबंधांतून लागण होत नाही. ज्या वस्तीत उपचारच पोहोचले नाहीत, तिथे तेवढीच काळजी घेणाऱ्यालाही धोका जास्त. इन्सुलिनवाल्यांनाही मिळायलाच हवं. एकाचं अडलं म्हणून दुसऱ्याचं का अडवायचं?

शर्वरी_चेंबूर
माझा विरोध वेगळा आहे. मी मुंबईत समलिंगी मुलांसोबत काही वर्षं काम केलंय. 'तुमच्या समाजाला धोका' असं म्हटलं की आजाराआधी शिक्का पोहोचतो. समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाच्या भीतीनं आमच्याकडची मुलं तपासणीची चिठ्ठीसुद्धा घरी नेत नसत. वैदेही, तो मुलगा तुमच्याकडे हळू आवाजात का बोलला? सीडीसीनंच 2021 मध्ये सांगितलंय की लैंगिकदृष्ट्या सक्रिय असलेल्या सगळ्याच प्रौढांना प्रेपची माहिती द्या. रक्तदाब विचारतो तितक्या सहज, प्रत्येकाला विचारा. वेगळे आकडे मांडणं थांबवा.

वैदेही_अटलांटा
शर्वरीताई, सगळ्यांना विचारावं हे शंभर टक्के मान्य. उद्यापासून माझ्या काउंटरवर तेच करीन. पण आकडे लपवले तर पैसा पुन्हा जिथे आधीच सोय आहे तिथेच जाईल. आणि हळू आवाजाचं कारण फक्त लाज नाही. अलाबामातलं टस्कीगी इथून गाडीनं दोनेक तासांवर आहे. तिथे 1932 ते 1972 सरकारी अभ्यासात सिफिलिस असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. इथल्या घरांत ते अजून बोललं जातं. सरकारी पाटीचा दवाखाना बघून पाय अडखळतात ते त्यामुळेही.

मिलिंद_न्यूजर्सी
समीर, तो अभ्यास मला माहीत नव्हता. वागण्याबद्दलचं बोलणं मागे घेतो. पैशाचा प्रश्न मात्र सोडत नाही. 2025 च्या जूनमध्ये प्रेप म्हणून मंजूर झालेलं लेनाकापाविर या औषधाचं इंजेक्शन वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर आहे. एवढी किंमत कंपनीला का लावू द्यायची?

वैदेही_अटलांटा
इथे मी तुमच्या बाजूची आहे, मिलिंद. ते इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यायचं असतं. दर तीन महिन्यांनी सुट्टी न मिळणाऱ्या त्या मुलाला तेच सगळ्यात सोयीचं, आणि तेच त्याच्या आवाक्याबाहेर.