मदत हवी: घोडी फार बुजते, मोरखी घालू देत नाही

तापीकाठ:
मारवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. मोरखी (धरायला-बांधायला तोंडावर घालतात तो दोर) घेऊन गेलं की मान वर, कान मागे आणि वाड्यात नुसती पळते. खोगीर तर लांबच राहिलं. व्हिडिओ पाहिले, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. मारझोड करायची नाही. घरचे विकून टाक म्हणताहेत, मला विकायची नाही. प्लीज लवकर सांगा.

केळीबाग_रावेर:
भो, वय काय? आणली तेव्हापासून बुजते की नंतर काही झालं? बांधतो कशी? नीट खाते का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तापीकाठ:
सहा वर्षांची सांगितली होती. खाते चांगलं, दादर ज्वारीचा कडबा आणि हरभरा. अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून बांधतो. आधीच्या मालकाकडे लग्नाच्या वरातीत असायची म्हणे.

पांझराकाठ:
मग त्यातच आलं सगळं. डीजे, फटाके, वर काटेरी लगाम. काटेरी लगामावर १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी वापरतात आणि तोंड सोलून निघतं. तोंडाकडे हात आला की ती मान वर करणारच. ओठांच्या कोपऱ्यांत जुने व्रण आहेत का बघ.

जुनी_पागा:
एवढा विचार कशाला? दोरीवर गोल फिरव, घाम फुटेपर्यंत. दमली की आपोआप येते वठणीवर. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात.

पांझराकाठ:
दमणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. उद्या ताजी झाली की पुन्हा बुजेल. रोज गोल पळवून दम वाढतो आणि सांध्यांची वाट लागते.

जुनी_पागा:
माझ्याकडची जनावरं येऊन बघा, मग बोला.

शहादा_रोड:
उजव्या खांद्यावर भोवरी (केसांचा भोवरा) आहे का? खोडीची, म्हणजे अशुभ भोवरी असेल तर काही उपयोग नाही, विका. आणि यंदा यात्रेत नुकऱ्याचा (पांढऱ्या घोड्याचा) भाव काय होता, कोणी सांगेल का?

गिरणाकाठ:
भोवरीने घोडी बुजत नाही. भावासाठी वेगळा धागा काढा.
@तापीकाठ, आधी पिछाडी सोड. घोड्याचा पहिला बचाव पळण्याचा, पाय अडकले की लाथ. बंदिस्त वाड्यात मोकळी ठेव. मोरखी बाहेरच राहू दे. समोरून जाऊ नको, कपाळाच्या अगदी पुढचं तिला दिसत नाही. खांद्याच्या रोखाने तिरपा चालत जा, नजर रोखू नको. तिची मान वर झाली की तिथेच थांब, मागे हटू नको, पुढेही जाऊ नको. ती मान खाली घेईल, एक कान तुझ्याकडे वळवेल, फुरफुरेल किंवा ओठ चाटेल. त्याच क्षणी पाठ फिरवून लांब जा.
हे लांब जाणं हेच तिचं बक्षीस. मूठभर हरभऱ्यापेक्षा ते तिला जास्त कळतं. तू उशीर केलास तर ती भलतंच शिकेल. खांद्यावर हात ठेवू दिला की तिथे खरारा कर, मग मानेवरून नुसता दोर टाक आणि काढ. मोरखी त्यानंतर. पुढे दोर हलका ओढायचा आणि तिने पाय उचलला की लगेच ढिला सोडायचा. दोन पावलं पुढे, थांब, एक मागे. थोडा वेळच कर आणि चांगलं चाललेलं असतानाच सोड. किती दिवस लागतील ते ती ठरवेल.

तापीकाठ:
आज करून बघितलं. डावीकडून हात लावू दिला!! उजवीकडून गेलो की दचकून बाजूलाच उडी. परवा उजवीकडच्या खांबालाही धडकली होती. वेंधळी आहे का?

केळीबाग_रावेर:
हे आधी सांगायचं ना भो! उजव्या डोळ्यातून पाणी येतं का? डोळा अर्धवट मिटते का? बुबुळावर निळसर-पांढरी झाक?

तापीकाठ:
पाणी येतं कधी कधी. मला वाटलं धूळ जात असेल.

जुनी_पागा:
सगळे डावीकडूनच बसतात, डावीकडूनच धरतात. उजव्या बाजूला माणसाची सवयच नसते. डोळ्याचं उगीच काढू नका.

केळीबाग_रावेर:
सवयीचं बरोबर आहे, पण खांबाला धडकणं सवयीने होत नाही. घोड्यांना डोळ्याच्या आत सूज येण्याचा आजार होतो, तो उलटून उलटून येतो आणि दृष्टी जाते. डोळ्याच्या दुखण्यात एक दिवसही थांबू नये. मनाने थेंब घालू नको, डोळ्याला जखम असेल तर चुकीच्या थेंबांनी चिघळते.

तापीकाठ:
डॉक्टरांना फोन केला, सकाळी येतो म्हणाले. तोवर शिकवणं बंद ठेवू का?

गिरणाकाठ:
बंद नको. उजवीकडून जाताना लांबूनच बोलत जा, आवाजावरून तिला कळू दे तू कुठे आहेस. तिकडून एकदम हात लावू नको. सकाळी डॉक्टर आल्यावर तूच डाव्या खांद्याशी उभा राहा, पाच-सहा जणांनी घेरून दाबू नका. तिला सावलीत ठेव, डोळा दुखत असेल तर ऊन सहन होत नाही. आणि तो खांब चिंध्यांनी गुंडाळून टाक आजच.

शहादा_रोड:
नुकऱ्याचा धागा काढलाय, जाणकारांनी तिकडे यावं.