अर्जंट मदत हवी आहे: साइट गुगलवरून गायब, बॅकलिंक किती घ्यावे लागतील?

गिअरवाला_केओपी
नमस्कार मंडळी. लगेच मुद्द्यावर येतो कारण वेळ नाही. आमची साइट गुगलवर पहिल्या पानावर दोन-तीन नंबरला असायची, आता दिवाळीनंतर बघतोय तर सहाव्या पानापर्यंत गेलो तरी दिसत नाही. रोज सात-आठ फोन यायचे ते आता आठवड्याला दोन, त्यातला एक कर्ज पाहिजे का विचारणारा. एक मार्केटिंगवाला म्हणतोय की तुमचे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडं येणारे लिंक, कमी पडतायत, ८००० रुपयांत ५०० लिंक मारून देतो, महिन्यात वर. मला एवढंच सांगा की ५०० पुरतील का जास्त घ्यावे लागतील, आणि याच्यापेक्षा स्वस्तात कोण देतं का. सीझन तोंडावर आलाय. उगाच थिअरी नको प्लीज.

रंकाळा_वॉक
कशाची साइट? कसला सीझन? साइटची लिंक तरी टाका की.

निवांत_बाबा
५०० लिंक ८००० ला म्हणजे १६ रुपयाला एक. तेवढ्यात चहा आणि दोन खारी येतात भावा. त्या भावात तुमचं नाव कोण चांगल्या ठिकाणी लिहिणार?

बिंदू_चौक
बाबा, तुम्हाला अनुभव आहे का स्वतःचा? आमच्या लॉजच्या साइटला मी पैसे देऊनच लिंक घेतल्या होत्या, दोन महिन्यांत वर आलो. सगळे घेतात, कबूल कोण करत नाही. धागाकर्ते, घ्या बिनधास्त, फक्त डीए, म्हणजे साइटच्या वजनाचा आकडा, ३० च्या वर असलेल्याच मागा.

कोडकीडा
डीए हा मॉझ नावाच्या कंपनीचा आकडा आहे, गुगल तो बघत नाही. आणि बिंदू_चौक, कधीची गोष्ट सांगताय? विकतच्या लिंकवर गुगलनं एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचं अपडेट आणून झाडू फिरवला, तेव्हा भल्याभल्यांच्या साइट एका रात्रीत खाली गेल्या. २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदममध्येच बसवलंय आणि आता असले लिंक शक्यतो नुसते मोजायचे सोडून देतात. म्हणजे शिक्षा नाही झाली तरी ८००० पाण्यात. वर गुगलच्या माणसाने हाताने शिक्षा, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन लावली तर ते वेगळं लचांड.
धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. साइट कशाची, सर्च कन्सोल आहे का, दिवाळीच्या आसपास साइटवर काय बदललं?

बिंदू_चौक
२०११ ची गोष्ट आहे. पण तत्त्व तेच.

गिअरवाला_केओपी
रसवंतीच्या मशीन बनवतो, उसाचा चरक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेड आहे, वडलांपासून. रसाचा सीझन फेब्रुवारी ते मे, पण मशीन घेणारा डिसेंबर-जानेवारीतच फोन करतो, नंतर केला तर आम्हालाच द्यायला जमत नाही. साइटचं नाव टाकलं तर जाहिरात म्हणून धागा उडवता म्हणून टाकलं नव्हतं, कोडकीडा तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सर्च कन्सोल काय ते माहीत नाही. बदल काही नाही.

शिरोळची_सून
अय्या, रसवंतीची मशीन! घुंगरू लावलेली मिळते का हो अजून? आमच्या स्टँडजवळ होती, आवाज आला की आम्ही शाळेचा रस्ता सोडून तिकडं. आता सगळीकडं त्या बंद डब्यासारख्या स्टीलच्या मशीन, आवाजच नाही.

रील_मास्टर
२०२५ मध्ये साइट कोण बघतं राव? रील टाका. ऊस आत, रस बाहेर, वर बर्फ, खाली फोन नंबर. एक रील चालली की ५०० लिंकच्या बापाला भारी. मी करून देतो, व्यनि करा.

निवांत_बाबा
आलं दुकान.

खरडघाशी
माझ्या मते तुम्ही पानाच्या कोडमधल्या मेटा कीवर्ड टॅगमध्ये किमान ५० शब्द भरा, त्यात शहरांची नावं सगळी. आणि होस्टिंग कोणतं आहे? होस्टिंग बदला, मी बदललं तर साइट एकदम हलकी झाली.

कोडकीडा
मेटा कीवर्ड आपण बघत नाही हे गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. ५० भरा नाहीतर ५०००.
गिअरवाला, सर्च कन्सोल म्हणजे तुमची साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन. साइट बघितली. 'बदल काही नाही' म्हणालात? अहो ती कोरी करकरीत आहे! जुनी कशी होती ते वेबॅक मशीनवर (जुन्या साइटच्या प्रती साठवणारी साइट) जाऊन काढलं. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं, डोळ्याला त्रास होईल असली, पण पानं २२. दोन रोलरच्या चरकाचं वेगळं, तीन रोलरचं वेगळं, गिअरबॉक्स, सुट्टे भाग, रसवंती सुरू करायला काय काय लागतं त्याचं एक मोठं पान. आता सगळी मिळून एक.

गिअरवाला_केओपी
ते होय. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने नवीन डिझाइन करून दिलं, इंजिनिअरिंगला आहे. पण ते नुसतं रूप बदललंय हो. मशीन त्याच, फोन नंबर तोच, नाव तेच. शेडला रंग दिला म्हणून पत्ता बदलतो काय?

कोडकीडा
तुमच्या बाबतीत पत्ताच बदललाय. समजा कुणी चार वर्षांपूर्वी तुमच्या तीन रोलरच्या पानाची लिंक कुठंतरी दिली. आज त्यावर दाबलं की येतं '४०४, पान सापडले नाही' आणि खाली एका रडक्या रोबोटचं चित्र. मी आत्ता चार ठिकाणांहून दाबून बघितलं. एका शेतीविषयक मासिकाच्या साइटवर रसवंती धंद्यावर लेख आहे, त्यात तुमची लिंक, ४०४. एका पॉलिटेक्निकच्या पोरांनी चरकावर प्रोजेक्ट केलाय त्याच्या पीडीएफमध्ये शेवटी तुमचं नाव आणि लिंक, ४०४. एका रसवंतीवाल्याने यूट्यूबवर मशीन उघडून गिअरला ग्रीस कसं भरायचं ते दाखवलंय, खाली वर्णनात तुमची लिंक, तीही गेली. चौथी तुमच्या लातूरच्या डीलरची. हे लिंक कुणी १६ रुपयांत देत नाही, तुम्हाला फुकट मिळालेले आणि ते दिवाळीपासून गटारीत वाहतायत.

बिंदू_चौक
यूट्यूबची लिंक नोफॉलो असते, म्हणजे 'ही मोजू नको' अशी गुगलला खूण केलेली, तिला शून्य किंमत. तिचं काय घेऊन बसलात.

रंकाळा_वॉक
नोफॉलो २००५ चं आहे, २०१९ पासून गुगल त्याला हुकूम न मानता नुसता इशारा मानतं. आणि गुगलचं जाऊ द्या, ग्रीस भरायचा व्हिडिओ बघणारा माणूस म्हणजे ज्याच्याकडं मशीन आहे किंवा घ्यायचीय. तो दाबतो आणि रडका रोबोट बघून परत जातो. हे गिऱ्हाईक गेलं की राहिलं?

बिंदू_चौक
बरं मग सोप्पं आहे. एक प्लगइन येतं, सगळे ४०४ उचलून थेट होमपेजवर नेतं. पाच मिनिटांचं काम, एवढं रामायण कशाला.

कोडकीडा
नको! तेवढं करू नका. गिअरचा दात शोधत आलेल्याला होमपेजवर सोडलं तर त्याला काय मिळालं? गुगल पण बहुतेकदा त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाला ३०१ ने, म्हणजे जुन्यावरून आपोआप नव्यावर नेणाऱ्या कायमच्या वळणाने, जोडायचा. तीन रोलर तीन रोलरला, गिअरबॉक्स गिअरबॉक्सला. आणि निदान वर्षभर ठेवायचं, कायमचं ठेवलं तर उत्तम.
पण इथं दुसरीच गोची आहे. जोडणार कशाला? नवीन पानंच नाहीत. भाच्यानं सगळी माहिती चित्रांत टाकलीय. सुंदर आहेत चित्रं, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, मशीनच्या मागून धूर येतोय, पण '३ रोलर, १ एचपी सिंगल फेज' हे चित्राच्या आत. पानावर खरी अक्षरं किती ते मोजलं: नाव, 'परंपरा आणि नावीन्याचा संगम', फोन नंबर. कुणी 'सिंगल फेजवर चालणारी रसाची मशीन' शोधली तर हे पान वर का यावं?

निवांत_बाबा
रसाच्या मशीनमागून धूर आला तर मी तरी घेणार नाही.

गिअरवाला_केओपी
त्या चित्रांसाठी पोरगं तीन रात्री जागलंय हो. बहिणीला काय सांगू?
आणि ते मासिकाचं मला माहीतच नव्हतं. आमचे बापू होते तेव्हा कोणतरी येऊन फोटो काढून गेलतं एवढं आठवतंय.
पण मग आता नवीन लिंक घ्यायचेच नाहीत का? गेल्या वर्षी एकाला ३००० दिले होते त्याचं पण काही झालं नाही.

रंकाळा_वॉक
ओ भाऊ. हे आत्ता सांगताय?

गिअरवाला_केओपी
ते पण सांगायचं होतं का? ते वेगळं प्रकरण होतं.

पावनखिंड_पॅचवर्क
लगेच डिसअव्हॉव करा!! सगळ्या घाण लिंकांची फाइल बनवून 'या धरू नका' म्हणून गुगलला पाठवा नाहीतर साइट कायमची गेली समजा.

कोडकीडा
घाबरवू नका माणसाला. डिसअव्हॉव २०१२ पासून आहे आणि बहुतेक साइटना त्याची गरज पडत नाही असं गुगलच सांगतं. सर्च कन्सोलमध्ये 'मॅन्युअल अ‍ॅक्शन' उघडून बघा. तिथं काही नसेल तर त्या ३००० चं नाव काढायचं सोडून द्या. हाताने करायला गेलात तर चांगली लिंकच त्या फाइलीत जायची.

शिरोळची_सून
माझ्या प्रश्नाचं राहिलंच. घुंगरू?

लक्ष्मीपुरी_लोडिंग
मशीनची किंमत काय हो? साध्या दोन रोलरची. मेहुण्याला गांधीनगरला टाकायचीय. आणि वापरलेली परत घेता का?

रंकाळा_वॉक
अवांतर नव्हे पण गिअरवाला, गुगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावर धंदा दाखवणारी नोंद) बघितलं तुमचं. प्रकार 'वेल्डर' लावलाय. फोटोत शेडसमोर लावलेली कुणाची तरी बुलेट आहे, तुमचा चरक एकही नाही. ते उत्पादक करून घ्या, मशीनचे फोटो टाका. नकाशावर वर येणं शोधाशी जुळणं, अंतर आणि तुमचा बोलबाला या तीन गोष्टींवर असतं, म्हणजे नाशिकच्या माणसाला त्यातून तुम्ही दिसणार नाही, पण जयसिंगपूर-निपाणीचा तरी कळेल की हे वेल्डर नव्हेत.

गिअरवाला_केओपी
बुलेट शेजारच्या लेथवाल्याची आहे.
भाचा बसलाय शेजारी, आधी रुसला होता, आता स्वतःच शोधायला लागलाय. २०१७ ला ज्यानं जुनी साइट केली त्यानं शेडच्या जीमेलवरच सर्च कन्सोल उघडून ठेवलेलं निघालं, पासवर्ड बापूंच्या वहीत होता. मॅन्युअल अ‍ॅक्शन नाही. ४०४ मध्ये १९ पत्ते आहेत. आणि लोक काय शोधून आमच्याकडं यायचे त्याची १६ महिन्यांची यादी आहे. मी समजत होतो लोक 'शुगरकेन क्रशर' शोधतात, आमचा सगळा नवीन मजकूर तसाच. इथं तर 'रसवंती मशीन किंमत', 'उसाचा चरक कोल्हापूर', 'रसवंती टाकायला खर्च'. 'लाट बदलणे' असं पण आहे, आमचे जुने मिस्त्री रोलरला लाटच म्हणतात.

कोडकीडा
हेच तुमचं सोनं आहे. तीच पानं तेच शब्द ठेवून परत उभी करा. जमलं तर जुनेच पत्ते द्या, मग त्यांना ३०१ पण लागणार नाही. आणि लातूरच्या डीलरला नवीन लिंक मागायची नाही, त्याची जुनीच आपोआप जिवंत होईल. नंतर ज्यांना ज्यांना मशीन दिल्यात त्यांच्यात कुणाची साइट, चॅनल असेल तर त्यांना सांगा की बाबा, नाव टाक. ग्रीसचा व्हिडिओ करणाऱ्याला फोन करून आधी थँक्यू म्हणा.

बिंदू_चौक
एवढं करण्यात जानेवारी संपेल त्यांचा. मी अजूनही म्हणतो, बरोबर १०० लिंक तरी...

निवांत_बाबा
बिंदूराव, तुमचा लॉज आत्ता कितव्या नंबरला आहे?

बिंदू_चौक
लॉज भाड्यानं दिलाय.

गिअरवाला_केओपी
नऊ दिवसांनी येतोय. शेडच्या कॉम्प्युटरवर जुन्या साइटचा फोल्डर सापडला, भाच्याने १४ पानं त्याच पत्त्यांवर चढवली, अक्षरं काळी आणि पाटी पांढरी करून. उरलेली पाच ३०१ केली. होमपेजवर त्याची चित्रं ठेवलीत, धूर तेवढा काढला. मासिकाची लिंक दाबली की आता बरोबर तीन रोलरचं पान येतं. नंबर अजून आला नाही, चौथ्या पानावर आहे, पण काल परभणीहून एक फोन आला आणि तो माणूस म्हणाला व्हिडिओच्या खालून आलो. मार्केटिंगवाल्याचा रोज मेसेज येतोय, आता ६५०० म्हणतोय.
लक्ष्मीपुरी, किंमत व्यनि केलीय. वापरलेली घेतो, पण बघून.
शिरोळच्या ताई, तुमचा प्रश्न इतके दिवस टाळला त्याबद्दल सॉरी. त्या १६ महिन्यांच्या यादीत 'घुंगरूवाली रसवंती मशीन' तीनदा आलंय. नवीन साइटवर तो शब्दच नव्हता. जुन्या पानावर तळाला बापूंनी एक ओळ टाकून घेतलेली होती, 'मागणीप्रमाणे घुंगरू जोडून मिळतील'. ती परत टाकलीय. आणि मिळतात, पितळेचे, वेगळे पैसे नाहीत.

शिरोळची_सून
मशीन नको, नुसते घुंगरू पाठवाल का?