३६० तिसऱ्या, सहा खाड्या : वेल्च चाचणी लावू का?

खाडीकाठची :
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रत्नागिरी ते देवगड पट्ट्यातल्या सहा खाड्यांत तिसऱ्या (चिखलातल्या खायच्या शिंपल्या) मोजल्या. तीन खाड्यांत बायका रोज सुकतीला (ओहोटीला) तिसऱ्या काढतात, उरलेल्या तिन्हींत कुणी फारसं उतरत नाही. प्रत्येक खाडीत तीन जागा, प्रत्येक जागी २० शिंपल्या, व्हर्नियरने लांबी. एकूण ३६०. गुडघाभर चिखलात एक चप्पल कायमची गेली, तो हिशोब वेगळा.

काढतात तिथे सरासरी २६ मिमी, काढत नाहीत तिथे ३३. पण प्रमाण विचलन, म्हणजे मापांचा पसारा, पहिल्या गटात ३ आणि दुसऱ्यात ८! दोन्ही गटांतला पसारा सारखा आहे का हे बघणारी लेव्हीन चाचणी साफ नापास. सर म्हणतात लॉग घे, साधी टी-चाचणी कर, पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०००१ च्या खाली येतोय ना, झालं. लॉग घेऊनही पसाऱ्यातला फरक मिटत नाही. वेल्च (दोन्ही गटांचा पसारा सारखा न धरणारी टी-चाचणी) लावू? की नॉनपॅरामेट्रिक, म्हणजे मापांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारं काहीतरी? मला खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

जुना_आकडेमोड्या :
वेल्च लावा, पण ३६० वर नको. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण एका टोपातली ६० शितं दाबली तरी टोप एकच. तुमच्याकडे टोप सहा आहेत. बायका काढतात की नाही हे खाडीगणिक बदलतं, शिंपलीगणिक नाही. म्हणजे तुलना खाड्यांची. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये यालाच स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे आभासी पुनरावृत्ती, म्हटलं. तुमच्या लेव्हीननेही ३६० शिंपल्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्यात, आणि नॉनपॅरामेट्रिकने ही खोट जात नाही.

सगळीकडे २०च मोजल्यात हे छान केलंत. आधी जागेची सरासरी, मग खाडीची. सहा आकडे इथे टाका.

खाडीकाठची :
काढतात : २५, २६, २७. काढत नाहीत : २९, ३३, ३८.

जुना_आकडेमोड्या :
टी २.७५. साध्या टी-चाचणीत डिग्री ऑफ फ्रीडम (किती स्वतंत्र माहितीचा आधार आहे ते) ४, पी ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या काठावर. वेल्चमध्ये ती २.२ वर घसरते आणि पी ०.१ च्या आसपास जातो. ०.०००१ कुठे आणि हे कुठे!

आरवाली :
आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एनएलएमई पॅकेज बघ. त्यातल्या एलएमई फंक्शनमध्ये खाडी आणि तिच्या पोटात जागा रँडम धरायची (म्हणजे एका खाडीतल्या शिंपल्या एकमेकींसारख्या असतात हे हिशोबात येतं), व्हॅरआयडेंटने दोन्ही गटांना आपापला व्हेरियन्स (पसारा) द्यायचा. एलएमईआर या दुसऱ्या फंक्शनमध्ये ही सोय नाही.

जुना_आकडेमोड्या :
खरंय, पण व्हॅरआयडेंट शिंपली-शिंपलीतला पसारा सांभाळतो. इथे खाडी-खाडीतलाही वेगळा दिसतोय, आणि तीन-तीन खाड्यांवर तो धड अजमावता येत नाही. मॉडेल कितीही देखणं असो, खाड्या सहाच.

मिऱ्यावरचा :
आकडेमोडीतलं मला काय कळत नाही. माझी आय ३० वर्षं तिसऱ्यांना जायची. मोठ्या टोपलीत, बारक्या परत चिखलात. रोज मोठ्या उचलल्यावर मागे एकाच मापाच्या राहणार ना? जिथे कुणी हात लावत नाही तिथे आजी, आई, पोरं सगळ्या एकत्र. तुमचा तो ३ आणि ८ मला तरी बरोबर वाटतो.

जुना_आकडेमोड्या :
वा! म्हणजे ज्याला आपण अडचण म्हणत होतो तोच शोध असू शकतो. ताई, पसाराच मोजा. प्रत्येक जागेचं प्रमाण विचलन, त्याचा लॉग, त्याची खाडीवार सरासरी, आणि परत तीन विरुद्ध तीन.

खाडीकाठची :
केलं. लॉग उलटवून, काढतात तिथे २.८, ३, ३.३ आणि काढत नाहीत तिथे ७.५, ८.१, ८.४. वेल्चमध्येसुद्धा फरक ठळक! बायकांनी त्याच खाड्या का धरल्या, वाट सोपी म्हणून की तळ वेगळा म्हणून, हे मला सांगता येणार नाही, तसं लिहीन. सरासरीबद्दल सरांशी बोलायला मात्र अजून धीर होत नाहीये.

येत्या अमावास्येला पहाटेच्या सुकतीला सातवी आणि आठवी खाडी करते. मिऱ्यावरचे दादा, तुमच्या आई पायात काय घालायच्या?

मिऱ्यावरचा :
काय नाय. चप्पल चिखलच घेतो.