उभ्याचं तिकीट, वय ४९, सोबत लेक: २१ जानेवारीला नेरुळला कसं निभावेल?

कृष्णाकाठ | २९ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. लेक अकरावीत आहे. तिच्या मामाने सप्टेंबरात अख्खी दुपार लॅपटॉपसमोर बसून कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं मिळवली होती, मंगळवार २१ जानेवारीची, डी. वाय. पाटील स्टेडियम. आता त्याला त्याच आठवड्यात कामासाठी बाहेर जावं लागतंय. लेकीला एकटीला पाठवणार नाही आणि तिचा हिरमोडही करायचा नाही, म्हणून मी जाणार. दोन्ही तिकिटं मैदानातली आहेत, उभ्याची.

रात्र रात्र गाणं ऐकायची मला सवय आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे चिंचेखाली सतरंजीवर बसून मी पहाटेपर्यंत ऐकलंय. पण तिथे गाणारा समोर दिसतो आणि पाय लांब करायला जागा असते. इथे पन्नास हजार माणूस! शिवाय माझी डावी टाच दोन वर्षं दुखते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं भिंत धरून टाकावी लागतात.

चार वाजल्यापासून दहापर्यंत उभं राहणं जमेल का? चुकामूक झाली तर काय करायचं? त्याच रात्री सांगलीची गाडी मिळेल का? लेक म्हणते, "आई, तू मागे थांब, मी पुढे जाते." हे मला पटत नाही, पण तिचा उत्साह मोडवतही नाही. गाण्यांची काळजी नाही, तिने यादी दिली आहे, रोज स्वयंपाक करताना ऐकते आहे.

सेक्टर७ | २९ डिसेंबर २०२४

ताई, जरूर जा. मी स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहतो. १५ डिसेंबर २०१९ ला इथे यूटू हा आयरिश बँड आला होता, तेव्हा बायकोला घेऊन मैदानातच उभा होतो. सगळं तेव्हाच्या अनुभवावरून सांगतोय.

आधी टाचेचं. अगदी पुढे, स्टेजच्या कठड्याला लागायचं तर दारं उघडल्यापासून तिथेच खिळून राहावं लागतं. पाण्याला गेलात की जागा गेली. तो नाद सोडा. मैदानात स्टेजच्या बरोबर समोर, बऱ्यापैकी मागे, एक मचाण उभारलेलं असतं. साउंड इंजिनिअर तिथे बसून सगळ्या वाद्यांचा आवाज एकत्र बसवतो. त्याच्याभोवती लोखंडी कठडा असतो. त्या कठड्याच्या पुढच्या बाजूला पाठ टेकून उभं राहायचं. मागून ढकलणारं कोणी नाही, टाचेवरचा भार कठड्यावर टाकता येतो. आणि आवाज कसा लागतोय हे तो माणूस त्याच जागेवरून स्वतःच्या कानांनी ठरवत असतो, त्यामुळे मैदानात सर्वांत स्वच्छ ऐकू येतं ते तिथे. लेकीलाही हे कारण सांगा. पुढे गेल्यावर माणसं जवळून दिसतात हे खरं, पण गाणं ऐकायला ही जागा सरस आहे.

त्याहून फार मागे गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर पडद्यात ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये उंच खांबांवर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. नाहीतर पुढचा आणि मधला आवाज एकमेकांत मिसळून शब्दच कळायचे नाहीत.

यूटूच्या वेळचं एक सांगतो. लॅरी मलन हा त्यांचा ड्रमर एकटाच चालत मधल्या छोट्या स्टेजवर आला, बसला आणि सरळ वाजवायला लागला. निवेदन नाही, काही नाही. माझ्या शर्टाची बाही हातावर थरथरत होती, वारा अजिबात नसताना. बायकोने माझं मनगट धरलं ते गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. नंतर ए. आर. रहमान मुलींसोबत आले तेव्हाचा जल्लोष घराच्या गच्चीवरून आमच्या वडिलांनी ऐकला. घरी बसून हे कितीही मोठ्या आवाजात लावलं तरी अंगाला असं लागत नाही. लेकीसोबत तुम्हीही तिथे असणार याचा मला मनापासून आनंद होतोय.

आता परतीचं, कारण खरे हाल तिथेच होतात. सुटल्यावर बहुतेक लोंढा नेरुळ स्टेशनकडे वळतो. तुम्ही जुईनगरला जा. तेही वीस-पंचवीस मिनिटांचं चालणं आहे, पण पनवेलकडे जाणारी लोकल आधी जुईनगरला येते आणि मग नेरुळला. म्हणजे नेरुळची गर्दी चढायच्या आत तुम्ही डब्यात असता. सांगलीची ट्रॅव्हल्स हायवेवरच्या एल. पी.च्या थांब्यावरून धरू नका, सायन-पनवेल हायवे त्या रात्री तुंबलेला असणार. मानसरोवरला उतरा, रिक्षाने कळंबोलीला जा आणि तिथून पुढची गाडी पकडा. बारानंतरचीच घ्या.

फोन लागणार नाही असं धरूनच चाला. एवढ्या माणसांत नेटवर्क बसतं. आत शिरल्याबरोबर आपल्या गेटच्या क्रमांकाचा फोटो दोघींनी काढायचा आणि चुकामूक झाली तर त्याच गेटच्या आतल्या बाजूला थांबायचं, एवढं ठरवून ठेवा. तुमचा नंबर कागदावर लिहून तिच्या खिशात द्या, तिच्या फोनची बॅटरी संपली तरी कोणाच्याही फोनवरून लावता येईल.

ताशा_पुणे | ३० डिसेंबर २०२४

वरचं सगळं बरोबर आहे, पण कानांबद्दल कोणीच बोललेलं नाही आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी ढोल-ताशा पथकात अकरा वर्षं ताशा वाजवला. कानात कधी काही घातलं नाही, घालणाऱ्याला बाकीचे चिडवायचे. तीन वर्षांपूर्वी मिरवणुकीनंतर कानात रातकिडा ओरडायला लागला, तो आजतागायत थांबलेला नाही. कानाच्या तपासणीच्या आलेखात सगळी रेघ ठीक आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, एकदम खड्डा. ऑडिओलॉजिस्टबाईंनी बोट ठेवून सांगितलं, मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा बहुतेकदा हाच खड्डा आधी पडतो. आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आता पंखा बंद केला की मला झोप लागत नाही. माझी पुतणी बोलते तेव्हा तिचे 'स' आणि 'फ' मला नीट कळत नाहीत, ती सहा वर्षांची आहे आणि मला दर वेळी "काय?" विचारावं लागतं.

८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी वरची मर्यादा सांगितली तीच मुळी १०० ची सरासरी. तुम्ही दोघी तिथे दोन-अडीच तास असणार.

म्हणून औषधाच्या दुकानातून फोमचे इअरप्लग घ्या, स्वस्त मिळतात. कापूस नको, त्याने जवळपास काहीच अडत नाही. प्लग दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, वीस-तीस आकडे मोजेपर्यंत. नुसता तोंडाशी अडकवला तर उपयोग नाही. घरी चार दिवस सराव करा. गाणं ऐकू येतंच, फक्त धार कमी होते. आणि स्पीकरच्या भिंतीजवळ कोणत्याही परिस्थितीत उभ्या राहू नका. लेकीला माझं नाव सांगा हवं तर.

रंगभवन_१९८९ | ३० डिसेंबर २०२४

वेळेबद्दल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण असे कार्यक्रम सहसा दहाच्या आसपास आटपतात. तेव्हा बाराची गाडी धरायला हरकत नाही.

माझी तरुणपणची सगळी रॉक गाणी धोबी तलावच्या रंगभवनात ऐकलेली, इंडिपेंडन्स रॉकला. दगडी पायऱ्यांवर बसायचो, वर आकाश. शेजारी रुग्णालयं, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि तिथलं वाजणं थांबलं. रुग्णांचा हक्क मोठा, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहराच्या मध्यात, लोकलमधून उतरून पाच मिनिटांत जाता येईल असं परवडणारं उघडं थिएटर पुन्हा झालं नाही याचं दुःख आहे. सांगलीच्या मुलीला एका बँडसाठी रात्रभर प्रवास करावा लागू नये.

कृष्णाकाठ | २४ जानेवारी २०२५

काल सकाळी झोप पूर्ण झाली, आज लिहायला बसले.

मचाणाच्या कठड्यालाच उभ्या राहिलो. लेक आधी नाराज होती, "इथून ते अंगठ्याएवढे दिसतात" म्हणाली. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि तिने तोंडावर दोन्ही हात ठेवले, ते बराच वेळ तसेच. येताना प्रत्येकाला मनगटात एक पांढरा पट्टा देतात. त्यातले दिवे आपोआप लागतात-विझतात. 'येलो' या गाण्याच्या वेळी सगळं स्टेडियम पिवळं झालं, माझा हातसुद्धा. हळदीच्या समारंभात असतो तसा तो रंग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर होता. एक गाणं त्यांचा गायक क्रिस मार्टिनने मध्येच थांबवून फोन खिशात ठेवायला सांगितलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तेवढी चार मिनिटं लेकीचे दोन्ही हात मोकळे होते, त्यातला एक तिने माझ्या खांद्यावर ठेवला.

प्लग दोघींनी घातले होते. मध्ये एकदा काय फरक पडतो म्हणून मी एका कानातला काढला आणि लगेच परत घातला. बाजूला एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते, मुलाने कान दाबून धरले होते. आमच्याकडे एक जोड जास्तीचा होता. त्यांना दिला, बसवायचा कसा तेही दाखवलं. त्या मुलाच्या कानाला तो मोठाच होत होता, तेव्हा ते त्याला घेऊन मागच्या बाजूला गेले.

परतताना जुईनगर. सेक्टर७ दादा, गाडीत बसायला मिळालं! समोरच्या बाकावरच्या मुली कोल्हापूरच्या निघाल्या. नेरुळला दार भरून गेलं तेव्हा लेक माझ्याकडे बघून हसली. कळंबोलीहून पावणेएकची गाडी होती, ती दीडला आली. टाच बुधवारभर ठणकत होती, आज ठीक आहे.

ताशा_पुणे, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझा भाचा मिरजेत पथकात वाजवतो, एकोणीस वर्षांचा आहे, कानात काही घालत नाही. फोमचा प्लग घातला तर हात दाखवणाऱ्याचा इशारा आणि बाकीच्यांचा ठेका कळत नाही म्हणतो. त्याच्यासाठी काय घ्यावं?

ताशा_पुणे | २४ जानेवारी २०२५

ताई, आधी सांगा तो ढोल वाजवतो की ताशा. ढोल असेल तर आवाज खालच्या पट्टीचा, ताशा असेल तर टोचणारा. वादकांसाठी गाळणी असलेले सिलिकॉनचे प्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात, त्यामुळे ठेका हरवत नाही. महाग पडतात, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. एक जोड मी पाठवतो. त्याला माझा आलेखही दाखवा, फोटो काढून देतो.