टाईमग्राफरवर +७, हातावर +२: घड्याळाची खरी अचूकता कोणती धरायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे क्रोनोमीटर प्रमाणपत्र (अचूकतेची चाचणी पास झाल्याचं) असलेलं एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ आहे. वॉरंटी संपत आलीय. तक्रार करायची असेल तर आत्ताच करायला हवी, आणि गरज नसेल तर मागचं झाकण उगाच उघडू द्यायचं नाहीये. एकदा उघडलं की गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बघा, पाण्याची चाचणी पुन्हा करा, हे सगळं आलंच. म्हणून घड्याळ नेमकं किती चुकतंय ते आधी कळायला हवं, आणि तिथेच अडलंय.

पूर्ण चावी देऊन टाईमग्राफरवर (घड्याळाचे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या मशीनवर) ठेवलं. डायल वर असताना दिवसाला +७ सेकंद, ॲम्प्लिट्यूड (आतलं झुलणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, मध्यापासून किती फिरतं ते) २८४ अंश, बीट एरर (टिक आणि टॉकच्या वेळांतला फरक) ०.२ मिलिसेकंद. डायल खाली +६. उभं धरलं की चित्रच बदलतं: क्राउन (चावीची कळ) वर +३, क्राउन डावीकडे +१, क्राउन खाली −१, आणि ॲम्प्लिट्यूड २५० च्या आसपास. चावी न देता दुसऱ्या दिवशी डायल वर ठेवून मोजलं, तर +७ चं +४ झालेलं. हातात घातल्यावर मात्र रोज जेमतेम २ सेकंद पुढे जातं.

प्रमाणपत्राची मर्यादा −४ ते +६ आहे. मग +७ म्हणजे घड्याळ नापास का? मशीनवर लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स व्हील जितकं फिरतं तो कोन) ५२ अंश ठेवलाय, माझ्या कॅलिबरचा (आतल्या यंत्राच्या मॉडेलचा) नेमका किती ते कुठे सापडत नाही. त्यामुळे आकडा चुकला असेल का? आणि हातावर मोजायचं तर नीट कसं मोजावं?

प्रतिसाद १

+७ खरा आहे, पण तो त्या अर्ध्या-एक मिनिटापुरता. तासाला २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला ८. मशीन ते ऐकतं आणि तीच चाल ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, टिकेल असं धरून आकडा दाखवतं. प्रत्यक्षात ती टिकत नाही. स्प्रिंग सैल होते, ॲम्प्लिट्यूड उतरतं, चाल बदलते. तुमचं +७ चं +४ झालं ते यामुळेच.

क्रोनोमीटर प्रमाणपत्र देणाऱ्या सीओएससी या स्विस संस्थेची चाचणी १५ दिवस चालते, केसमध्ये न बसवलेल्या मूव्हमेंटवर (आतल्या यंत्रावर), ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत. −४ ते +६ ही मर्यादा पहिल्या १० दिवसांच्या सरासरी चालीला आहे, एकेका स्थितीला नाही. तुमच्या पाच आकड्यांची सरासरी +३.२ येते. घरच्या मोजणीने प्रमाणपत्र तपासता येत नाही, पण यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. मेटास या स्विस मापन संस्थेच्या वेगळ्या प्रमाणपत्राची मर्यादा ० ते +५ आहे आणि ती केसमध्ये बसवलेल्या पूर्ण घड्याळाला लावतात. त्या प्रमाणपत्राचे आकडे याच्याशी मिसळू नका.

आडव्या-उभ्यातला फरक स्वाभाविक आहे. आडवं असताना बॅलन्स व्हील पिव्हटच्या (आसाच्या बारीक टोकाच्या) गोलसर टोकावर फिरतं. उभं केलं की पिव्हटची बाजू घासते, घर्षण वाढतं, आणि चाकाच्या तोलातली बारीकशी चूकही उघड होते.

लिफ्ट अँगलची काळजी सोडा. त्याने फक्त ॲम्प्लिट्यूडचा आकडा बदलतो, सेकंदांचा नाही. खरा अँगल ५० असला तर २८४ च्या जागी साधारण २७३ धरा.

हातावर मोजताना संदर्भाची वेळ रोज एकाच ठिकाणची घ्या. घड्याळ एकदा लावलं की क्राउन ओढू नका, नाहीतर सगळी मालिका मोडते. रोज ठरलेल्या वेळी, सेकंदकाटा १२ वर येताना संदर्भाच्या घड्याळात किती वाजले ते लिहा आणि रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं तेही. डोळ्याने वाचताना अर्धा सेकंद चुकतोच. एका दिवसाच्या मोजणीत ती मोठी चूक आहे, ७ दिवसांत वाटली तर दिवसाला ०.०७ सेकंद उरते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त चुंबकत्व एकदा तपासा. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई जोरात फिरली तर डीमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवणारं यंत्र) लागेल. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ एकदम खूप पुढे पळतं. तुमचं तसं वाटत नाही, पण टॅबलेटच्या कव्हरमधले चुंबक जपून.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. होकायंत्राची सुई जवळजवळ हलली नाही. म्हणजे झाकण उघडायला नको, आठवडाभराची नोंद आजच सुरू करतो. एकच विचारायचं राहिलं: रात्री क्राउन खाली करून ठेवलं तर ते २ सेकंदही भरून निघतील का?

प्रतिसाद १

निघायला हवेत. ८ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा. डायल वर ठेवलं तर रात्रीत साधारण +२.३ मिळतात, क्राउन खाली ठेवलं तर −०.३. फरक सुमारे अडीच सेकंदांचा. मात्र नोंदीच्या या आठवड्यात रोज जसं ठेवता तसंच ठेवा, क्राउन खालीचा प्रयोग पुढच्या आठवड्यात वेगळा करा.