ओटीपी चालू असूनही ऑफिसच्या मेलमध्ये कुणी कसं शिरलं?

सूतवाला_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. सुताच्या व्यापाराचं आमचं छोटं ऑफिस. कॉम्प्युटरचं मीच बघतो, शिक्षण मात्र त्यातलं नाही. गेल्या आठवड्यात अकाउंट्समधल्या ताई कसलासा फॉर्म शोधत होत्या. एका साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवा’ असं आलं आणि खाली सूचना: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्यांनी तसं केलं. संध्याकाळी अँटीव्हायरसने काहीतरी पकडून काढलं, म्हणून सगळे निर्धास्त झालो. काल ॲडमिनच्या पानावर दिसलं की ताईंचा जीमेल कुणीतरी भलतीकडून उघडलाय. ओटीपी चालू आहे, पण ताईंना एकही ओटीपी आलेला नाही. साहेब म्हणतात, पीसी फॉरमॅट करा, झालं. तेवढ्याने भागेल का?

रात्रपाळी_पुणे

नाही भागणार. असल्या घटना निस्तरणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या पानाने एक कमांड गुपचूप कॉपी करून ठेवली होती, ताईंनी ती पेस्ट करून चालवली. हे बहुधा स्टीलर आहे. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करून तो बाहेर पाठवतो, त्याला बऱ्याचदा मिनिटभरही लागत नाही. अँटीव्हायरस आला तो नंतर. कुकी म्हणजे जत्रेत हातावर मारलेला शिक्का: तो दिसला की दारावरचा माणूस पुन्हा तिकीट मागत नाही. म्हणून ओटीपी आला नाही.

आता क्रम महत्त्वाचा. त्या पीसीची नेटची वायर काढा, पण फॉरमॅट आज करू नका. काय गेलं हे कळायला डिस्कची प्रत लागेल. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून ॲडमिनमध्ये जाऊन ताईंची सगळी सेशन, म्हणजे कुठेही उघडी असलेली लॉगिन, बंद करा आणि लगेच पासवर्ड बदला. नंतर त्या ब्राउझरमध्ये जे जे सेव्ह होतं ते सगळं: बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ. व्हॉट्सॲप वेबही फोनवरून लॉगआउट करा. बँकेला आजच फोन करा. पैसे गेलेले दिसले तर थेट १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं, आणि हे खासगी कंपन्यांनाही लागू आहे.

‘आपल्याला कोण विचारतंय’ असं साहेबांना वाटत असेल तर त्यांना २०२४ चं स्नोफ्लेक प्रकरण सांगा. स्नोफ्लेक म्हणजे कंपन्यांचा डेटा क्लाउडवर ठेवणारी कंपनी. सुमारे १६५ ग्राहक-संस्थांना इशारा द्यावा लागला. स्नोफ्लेकची यंत्रणा कुणी फोडलीच नव्हती; स्टीलरने चोरलेले ग्राहकांचेच पासवर्ड वापरले. काही तर २०२० पासून चोरबाजारात पडून होते, कुणी बदलले नव्हते, आणि त्या खात्यांना दुसरी पडताळणी नव्हती. मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. चोरी एका दिवसाची, पण पासवर्ड वर्षानुवर्षं चालू.

सीए_ऑफिस_सांगली

वरच्या दादांनी सांगितलंच आहे, एक भर घालते. ताईंनी ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचा घरचा जीमेल लावलाय का? सिंक चालू असेल तर ऑफिसचे पासवर्ड घरच्या लॅपटॉपवरही असतात, आणि तिथे मुलं फुकटचे क्रॅक केलेले गेम उतरवतात. आमच्या एका पक्षकाराकडे गळती घरूनच निघाली. आणि ताईंना बोल लावू नका हो. त्यांनी काय दाबलं ते नेमकं सांगितलं म्हणून तुम्हाला निदान धागा तरी सापडला.

सूतवाला_इचलकरंजी

सेशन बंद केली, पासवर्ड बदलले, बँकेशी बोललो. घरचा जीमेल लावलेला होताच! तोही काढला. आता नवीनच: एक ग्राहक विचारतोय, ‘तुमचा खाते क्रमांक बदलला का?’ आम्ही असा मेल पाठवलेला नाही, सेंटमध्येही दिसत नाही.

रात्रपाळी_पुणे

त्यांना पैसे थांबवायला सांगा, आणि सगळ्या ग्राहकांना फोनवरून कळवा, मेलवरून नको. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर, फॉरवर्डिंग आणि खात्याला जोडलेली बाहेरची ॲप तपासा. मोबाइलच्या ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. ‘बिल’, ‘पेमेंट’ असे शब्द असलेला, मेल परस्पर डिलीट करणारा फिल्टर सापडला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग काढा. तक्रारीला तो लागेल.