नुसत्या बहिष्काराने मूल सुटत नाही

‘मुलांच्या हातचा माल विकतच घेऊ नका’ असं बालमजुरी थांबवण्यासाठी अनेकजण म्हणतात. तळमळ कळते, पण बांगलादेशात काय झालं ते बघा. १९९२ मध्ये अमेरिकेत असा माल रोखणारं विधेयक आलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धास्तीने कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. त्यातली कितीतरी शाळेऐवजी खडी फोडायला गेली. (हातोडीखालचे कपचे थेट डोळ्यांत उडतात!) म्हणून मला १९९५ चा करार मोलाचा वाटतो. कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी ठरवलं, की आधी शाळेत जागा, मगच कामावरून काढायचं. वर मुलाला महिन्याला ३०० टाका (बांगलादेशी चलन) विद्यावेतन. मुलाच्या पगारावर ज्यांची चूल पेटायची, त्यांना ते पुरणार कसं? ही रक्कम वाढवायलाच हवी होती.